म्हणतात, पण खोटं आहे

वीटभट्टीवर तिला सगळे थोरली म्हणत. दोघी बहिणींतली ती मोठी, आणि धाकटी लहानपणी तिच्या मागे मागे भट्टीवर यायची, तेव्हापासून हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आता साठी उलटली तरी मालकापासून कोळसा टाकणाऱ्यापर्यंत सगळ्यांची ती थोरलीच. काम विटा थापायचं. मळलेल्या मातीचा गोळा साच्यात आपटायचा, वर आलेली माती तारेने कापायची, साचा उलटा करून वीट जमिनीवर सोडायची, की लगेच पुढचा गोळा. दिवसाला आठशे. चाळीस वर्षं तिने हे केलं, आणि कंबर अजून जागेवर आहे याचं तिला स्वतःलाच नवल वाटे.

पण थोरलीचा खरा मान दुपारचा. डबे उघडायच्या आधी भट्टीवरचे सगळे एकदा तिच्या तोंडाकडे बघत. थापलेल्या कच्च्या विटा चार-पाच दिवस उघड्यावर वाळत पडलेल्या असतात. एक जोराची सर आली की त्यांचा पुन्हा चिखल. मग रोज ताडपत्री टाकून मोकळं व्हावं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. बाहेरच्या माणसाला काहीही वाटतं. उन्हात ताडपत्रीखाली विटा घामेजतात, त्यांच्या कडा मऊ पडतात, आणि भाजताना शंभरातल्या पंधरा-वीस तडकतात. म्हणजे झाकलं आणि पाऊस आला नाही तरी मार, न झाकलं आणि आला तरी मार. त्यामुळे दुपारी कोणीतरी एक शब्द द्यावा लागतो, ‘झाका’ नाहीतर ‘राहू द्या’. तो शब्द थोरली देत असे.

हे ज्ञान तिला कुठून आलं याच्या भट्टीवर नाना कथा होत्या. कोणी म्हणे तिच्या आजीने मरताना कानात सांगितलं, कोणी म्हणे तिला आभाळच सांगतं. यातलं काही खरं नाही. तिचं सगळं ज्ञान रागातून आलं होतं.

ती तरुण होती तेव्हा भट्टीवर एक मुकादम होता आणि त्याचा एक गुडघा होता. गुडघा दुखला की पाऊस येणार, अशी त्याची ठाम समजूत. गुडघा ठणकला की ताडपत्री पडायची, आणि थोरलीने आदल्या दिवशी थापलेल्या आठशेंतल्या शे-दीडशे विटा कडक उन्हात घामेजून वाया जायच्या. एकदा सलग तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताडपत्र्या ठेवायच्या खोलीत जाऊन तिने भिंतीवर कोळशाने एक गुडघा काढला. त्या दिवसापासून गुडघा दुखला आणि पाऊस आला तर खाली उभी रेघ, नाही आला तर आडवी. दोन महिन्यांत गुडघ्याखाली आडव्या रेघांची चटई झाली. त्यातून तिला एवढंच कळलं, की मुकादम आदल्या दिवशी किती चालला त्यावर त्याचा गुडघा दुखतो. आभाळाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मग तिला नादच लागला. भट्टीवर जो कोणी म्हणे की अमुक दिसलं म्हणजे पाऊस, त्याचं ती चित्र काढी आणि खरं ठरलं की उभी, चुकलं की आडवी रेघ ओढी. अंडी घेऊन निघालेल्या मुंग्या, कानामागून पंजा फिरवणारं मांजर, चंद्राभोवतीचं खळं, झाडाच्या शेंड्यावर किंवा खालच्या फांदीवर बांधलेलं कावळ्याचं घरटं, संध्याकाळचं लाल आभाळ, बसून राहिलेली गाय. तीस वर्षांत भिंतीवर बत्तीस चित्रं झाली. त्यांतली सत्तावीस खोटी निघाली.

नुसती खोटी म्हणून ती थांबत नसे, का खोटी तेही शोधून काढी. मुंग्या निघत त्या मातीच्या खड्ड्यात पंपाचं पाणी सोडलं की. पाकोळ्यांचं तर फारच सोपं होतं. पाकोळ्या उंच उडाल्या की आभाळ मोकळं राहणार आणि खाली उतरल्या की पाऊस, असं सगळे म्हणतात. इतर ठिकाणी ते खरंही असेल. पण भट्टी पेटलेली असली की गरम हवा वर जाते, तिच्याबरोबर किडेमकोडे वर जातात, आणि त्यांना खाणाऱ्या पाकोळ्याही वरच राहतात. भट्टीवरच्या पाकोळ्या धो धो पाऊस यायच्या दहा मिनिटं आधीपर्यंत उंचच उडत असतात. थोरलीने ते एकशे चौदा वेळा ताडून पाहिलं होतं.

उरली पाच लक्षणं. धुरांड्यातला धूर वर न जाता विटांच्या ओळींवर लोळू लागतो. खालचा वारा एकीकडे आणि ढग दुसरीकडे जातात. मातीच्या खड्ड्याला कुबट वास मारतो. ताडपत्रीचे दोर न ओढता ताठ होतात. आणि पाचवं तिचं स्वतःचं, कोणी न सांगितलेलं तरी भिंतीवर काढलेलं: सकाळी थापलेल्या विटेची कड दुपारपर्यंत पांढरी पडायला हवी, ती काळसरच राहते. ही पाचसुद्धा दहातून सहा वेळाच खरी ठरत, कडेचं तेवढं सात वेळा. थोरली हे प्रत्येकाला सांगत असे आणि कोणीही ऐकत नसे. तिचा शब्द चुकला की लोक म्हणत, आज तिचं लक्ष नव्हतं. माणसाला आपलं अज्ञान कबूल करण्याचीही सोय ठेवत नाहीत, याची तिला भारी चीड येई.

एक दिवस भट्टीवर एक साहेब आले. जुनं ज्ञान गोळा करणाऱ्या कुठल्याशा कार्यालयातले. इस्त्रीचा सदरा, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात आवाज टिपायचं यंत्र. मालकाने त्यांना खुर्ची दिली आणि थोरलीला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हे सगळं विचारायला आलंय म्हणून थोरली हरखली. हात धुऊन, पदर नीट करून तिने साहेबांना ताडपत्र्यांच्या खोलीत नेलं आणि भिंतीवरचं एकेक चित्र वाचून दाखवलं. दोन तास. प्रत्येक खोट्या चित्राला ती एकाच चालीत सांगे, अमुक दिसलं की पाऊस येतो असं म्हणतात, पण खोटं आहे. मग इतक्या उभ्या रेघा, इतक्या आडव्या आणि त्याचं कारण. साहेब फार खूश झाले. त्यांची ‘वा’ मात्र दर वेळी ‘म्हणतात’पाशीच यायची. पुढचं वाक्य होईपर्यंत ते यंत्राचा दिवा लुकलुकतोय का ते बघत असायचे. थोरलीला ते खटकलं, पण शिकलेला माणूस आहे, यंत्र तर सगळं ऐकतंय ना, असं म्हणून तिने सोडून दिलं.

आठवड्याने साहेब फोटो काढायला येणार होते. त्या सकाळी थोरली चिखलाचे हात घेऊन खड्ड्यातून वर आली आणि ताडपत्र्यांच्या खोलीच्या दारात थबकली. भिंत पांढरी शुभ्र होती. चुन्याचा दुसरा हात अजून ओला होता. मालक स्वतः उभा राहून रंगवून घेत होता.

काय केलंत हे, असं तिने विचारलं. मालक म्हणाला, अगं, फोटोत ती चित्रं घाण दिसली असती, पाहुणे काय म्हणतील. तीस वर्षांच्या रेघा चुन्याखाली गेल्या आणि हा बाबा तिच्याकडून शाबासकीची वाट बघत होता. त्या दिवशी काढलेल्या फोटोत ती त्याच भिंतीसमोर उभी आहे, ओठ आवळलेले, नजर सरळ. साहेबांनी फोटोखाली लिहिलं, ‘एक करारी चेहरा’. करारी कसला डोंबलाचा, ती संतापलेली होती.

चार महिन्यांनी पुस्तिका आली. मुखपृष्ठावर थोरली. आत तीस लक्षणं, एकाखाली एक, सुबक अक्षरात, बाजूला फुलापानांची नक्षी. मुंग्या निघाल्या की एका दिवसात पाऊस. मांजराने कान पुसले की पाऊस. पाकोळ्या उंच उडाल्या की दिवस कोरडा. थोरली अडखळत वाचते, पण चार ओळींतच तिला कळलं. प्रत्येक ओळीतून ‘असं म्हणतात’ गेलं होतं आणि ‘पण खोटं आहे’सुद्धा गेलं होतं. आयुष्यभर ज्या खोट्याशी भांडली, ते सगळं तिच्या फोटोखाली तिच्या तोंडी घातलेलं होतं. दोर आणि विटेची कड ही दोन तर वगळलीच होती, साहेबांच्या प्रस्तावनेप्रमाणे ती समजुतीत बसत नाहीत, धंद्याची माहिती आहे. ती मालकाकडे गेली. मालकाने पन्नास प्रती घेऊन गिऱ्हाइकांना वाटल्या होत्या. तो हसून म्हणाला, तुझं नाव झालं ना, मग झालं तर.

तिथे ती गप्प बसली. कोण वाचतंय असलं काही, असं तिने मनाला समजावलं. एवढी एक चूक मात्र तिची.

कारण धाकटीने ते वाचलं होतं. धाकटीने आणि तिच्या नवऱ्याने त्याच वर्षी बसने तासभराच्या अंतरावर जमीन घेऊन स्वतःची छोटी भट्टी घातली होती. इतकी वर्षं सासरच्या गावी दुसऱ्याच्या विटा थापल्यावर स्वतःची भट्टी. सुरुवातीला ती रोज दुपारी मालकाच्या फोनवर थोरलीला विचारायची, ताई, झाकू का? थोरली म्हणायची, कड बघ. पुस्तिका हातात आली तशी तिने फोन करणं सोडलं. ताईला रोज कामातून उठवायला नको, ताईचंच तर सगळं यात आहे. पुस्तिका तिने झोपडीच्या खांबाला दोऱ्याने बांधून ठेवली होती, ताईचा फोटो समोर येईल अशी.

पहिली भट्टी लावायला त्यांना सहा हजार विटा हव्या होत्या. सहा हजार थापून झाल्या, शेवटच्या ओळी वाळत होत्या, आणि थापणी उरकल्याच्या समाधानात नवऱ्याने शेजारच्या मोठ्या भट्टीवरून ताडपत्र्या आणायचं विचारलं. त्या शेजारच्या भट्टीचा जाळ दिवसरात्र चालू असे. दुपार होती, ढग होते. धाकटीने वर पाहिलं. पाकोळ्या उंच, अगदी ठिपक्यासारख्या. तिने पुस्तिकेतली ओळ बोट ठेवून वाचली आणि नवऱ्याला सांगितलं, राहू द्या. तीन वाजता पाऊस आला आणि पाच वाजेपर्यंत थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी बसने थोरलीच्या भट्टीवर आली. कोपरापर्यंत वाळलेला चिखल, डोळे सुजलेले. थोरली साचा हातात घेऊन उठली. धाकटीने पिशवीतून पुस्तिका काढून तिच्यासमोर मातीच्या गोळ्यावर ठेवली.

“सहा हजार गेल्या,” ती म्हणाली. “तुझा चेहरा बघून उघड्या ठेवल्या होत्या.”

थोरलीने सांगायला सुरुवात केली की हे मी सांगितलंच नव्हतं. धाकटी म्हणाली, फोटो तुझा, भट्टी तुझी, लुगडंसुद्धा तुझंच, आणि सांगितलं कोणी मग? भिंत बघ म्हणायची सोय नव्हती, भिंत पांढरी होती. मालक हळूच बाजूला सरकला. आणि थोरलीला कळलं की विटा परत थापता येतील, पण ही बहीण पुन्हा कधी झाकू का म्हणून विचारायची नाही. धाकटी लहानपणापासून तिच्या शब्दावर डोळे मिटून चालली होती. आता ती डोळे उघडून तिच्याकडे बघत होती आणि ते थोरलीला सहन होईना.

“यंत्रात आहे,” थोरली म्हणाली. “मी बोललेलं सगळं त्या माणसाच्या यंत्रात आहे. चल माझ्याबरोबर.”

धाकटी आली, पण विश्वास ठेवून नाही. शेवटपर्यंत बघते, म्हणून आली. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असताना ती पुढच्या बाकावर जाऊन बसली.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. साहेबांच्या टेबलामागे पुस्तिकांचे गठ्ठे छतापर्यंत गेलेले. त्यांनी थोरलीला ओळखलं, खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. तीन हजार प्रती संपल्या, म्हणाले, दुसरी आवृत्ती काढतोय. थोरली चहाला शिवली नाही. आपण हे सांगितलंच नव्हतं, असं ती म्हणाली. साहेब हसले, अगदी प्रेमाने. म्हातारं माणूस विसरतं, असं ते हसू होतं. सांगितलंय की, आमच्याकडे पुरावा आहे, म्हणून त्यांनीच यंत्र काढलं, पाकोळ्यांचा भाग शोधला आणि आवाज मोठा केला.

यंत्रातून थोरलीचा आवाज आला. पाकोळ्या उंच उडाल्या की दिवस कोरडा जातो असं म्हणतात. साहेबांची ‘वा’ ऐकू आली. त्यांनी बंद करायला बोट पुढे केलं, तोच धाकटीने त्यांचं मनगट धरलं. यंत्र चालत राहिलं. पण खोटं आहे, थोरलीचा आवाज म्हणाला. एकशे चौदा वेळा पाहिलं, पंच्याऐंशी आडव्या. भट्टी पेटलेली असली की त्या उंचच उडतात, पाऊस डोक्यावर आला तरी.

धाकटीने मनगट सोडलं.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते गडबडले, पण त्यांच्याकडे उत्तर तयार होतं आणि तेच जास्त चीड आणणारं होतं. त्यांनी समजावून सांगितलं की कार्यालयाचं काम लोकसमजुती गोळा करण्याचं आहे, त्या खऱ्या की खोट्या हे ठरवण्याचं नाही. पहिलं वाक्य ही समजूत होती, ती घेतली.

“आणि दुसरं?” थोरलीने विचारलं.

“ते तुमचं वैयक्तिक मत झालं.”

तीस वर्षं रेघा ओढल्या, दर रेघेला आभाळाकडे बघितलं, विटा मोजल्या, आणि ते मत झालं. मुकादमाचा गुडघा मात्र ज्ञान. थोरलीला वाटलं टेबलावरचे सगळे गठ्ठे खिडकीतून खाली ढकलावेत. ती उठून उभी राहिली, पण आवाज चढवला नाही.

“मतच होतं तर फोटो माझा कशाला छापला? तुमचा छापायचा.”

साहेब म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत शेवटच्या पानावर एक ओळ टाकू, की यातील मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी कार्यालयावर नाही. म्हणजे जबाबदारी कोणावर, हे विचारायची गरज नव्हती. ती मुखपृष्ठावर ओठ आवळून उभी होती.

“ती ओळ तुमच्याकडे ठेवा,” थोरली म्हणाली. “माझा फोटो काढा. आणि भट्टीवर परत आलात तर मालकाला भेटून जा, माझ्याकडे येऊ नका.”

ती दाराकडे वळली. पण धाकटी उठली नाही. तिने टेबलावरच्या डब्यातली पेन्सिल न विचारता उचलली, पिशवीतून पुस्तिका काढली आणि साहेबांना म्हणाली, “पहिल्यापासून लावा. सगळं.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग धाकटीच्या कोपरांवरच्या चिखलाकडे, आणि यंत्र लावलं. दोन तास यंत्र चाललं. थोरली दारापाशी उभीच राहिली, मग पाय दुखले तशी बहिणीच्या शेजारी येऊन बसली. बाहेरचे दोन कारकून आत येऊन ऐकू लागले. गुडघ्याची हकिगत आली तेव्हा एकजण हसला, आणि धाकटीने मान वर करून बघितल्यावर हसायचा थांबला. दर वेळी ‘पण खोटं आहे’ आलं की धाकटी एक ओळ खोडी, इतक्या जोराने की काही पानं फाटली. शेवटी तीन ओळी राहिल्या. दोर आणि विटेची कड तिने मागच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिली. साहेबांनी मध्येच विचारलं की दोघी बहिणींचा असा एक फोटो घेतला तर चालेल का. दोघींनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

यंत्र थांबलं. धाकटीने खोडलेली पानं उलटून पाहिली.

“म्हणजे ही पाच खरी,” ती म्हणाली.

“दहातून सहा वेळा. कड सात.”

“आणि उरलेल्या वेळी?”

“उरलेल्या वेळी मला माहीत नसतं,” थोरली म्हणाली. “जातात विटा. परत थापते.”

धाकटीने पेन्सिल डब्यात ठेवली आणि पुस्तिका पिशवीत कोंबली.

“मग चल माझ्याकडे,” ती म्हणाली. “सहा हजार थापायच्यात, तीन तुझ्या.”